मलिद्याचं ताट आणि मताचं पाकीट

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच, तर "जाऊ दे, जुनं झालं" म्हणायचो. आता मीच जुना झालो. आणखी टाळलं, तर खोटंच शिल्लक राहील.

ज्या बाईंबद्दल लिहितो आहे, त्यांची एक सवय होती. कुणी काही ठासून सांगितलं, की त्या चष्मा काढून मांडीवर ठेवत आणि विचारत, "हे ठरवलं कुणी? आणि त्याला अधिकार कुणी दिला?"

बाजारात एकदा भाजीवाला म्हणाला, भेंडी निवडून घ्यायची नाही, मी घालीन ती घ्यायची. बाईंनी मोडक्या हिब्रूत प्रश्न टाकला. तो छाती ठोकून म्हणाला, "मी ठरवलं. दुकान माझं आहे." "मग बरोबर," बाई म्हणाल्या आणि शांतपणे पुढच्या गाळ्यावर गेल्या. अधिकार असेल, तर त्यांचं काही म्हणणं नसे. नसेल, तर मात्र त्या हलत नसत.

मुंबईत त्या कायदा शिकल्या होत्या, फोर्टमधल्या एका सॉलिसिटरकडे कामही केलं होतं. इथे इस्रायलमध्ये आल्यावर वकिलीच्या परीक्षेइतकं हिब्रू काही जमलं नाही. आमच्या दक्षिणेतल्या लहानशा गावात नगरपालिकेच्या कचेरीत फायली सांभाळून त्या निवृत्त झाल्या. सगळे त्यांना वकीलबाई म्हणत. "सनद नाही माझ्याकडे," असं त्या दर वेळी सांगत. ऐकतो कोण?

नव्वदच्या दशकात दर गुरुवारी वृद्धांच्या क्लबात त्या हिब्रू पेपर उघडून आम्हाला मराठीत समजावत. तेव्हा कोर्ट आणि क्नेसेट, म्हणजे इथली संसद, यांच्यात रोज काहीतरी जुंपलेलं असायचं. आमच्यातल्या शलोमकाकांनी एकदा विचारलं, "बाई, कोर्ट मोठं की क्नेसेट मोठी?"

"तुमच्या घरात कायदे कोण करतं?"

"मी!"

"आणि?"

"बायको रद्द करते," काका म्हणाले, आणि त्यांची बायकोच सगळ्यांत जोरात हसली.

"हसू नका, काकू. रद्द करताना तुम्हालाही कारण सांगावं लागेल," बाई म्हणाल्या. मग पेपर खाली ठेवून त्यांनी समजावलं, की या देशाला एक जाडजूड घटना नाही, एकेक मूलभूत कायदा होत चालला आहे. "पाया एकेका खोलीखाली घालताहेत. आपण राहतो त्या खोलीखाली आहे की नाही, ते बघत राहायचं."

मी तेव्हा किर्यात गातच्या एका कारखान्यात फोरमन होतो आणि आमच्या सिनेगॉगचा मुकादम. म्हणजे किल्ल्या माझ्याकडे आणि शेवटचा शब्दही माझा. आम्हा मराठी ज्यूंना लग्नकार्यासाठी स्वतःचा हॉल नव्हता. दुसऱ्यांच्या हॉलात, दुसऱ्यांच्या सोयीने कार्यं उरकायची. महापौरपदाच्या एका उमेदवाराने मला शब्द दिला: तुमची मतं एकगठ्ठा द्या, जागा देतो.

मी मलिदा ठेवला. आमचा मलिदा तुम्हाला ठाऊक आहे. गूळ-खोबऱ्याचे पोहे, फळं, गुलाब, आणि एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषितांचं नाव. नवस बोलायचा तो या ताटासमोर, फेडायचा तोही इथेच. या ताटासमोर दिलेला शब्द आमच्या म्हाताऱ्या मरेपर्यंत मोडत नाहीत. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी ते केलं. प्रार्थना झाल्यावर म्हणालो, "प्रत्येकाने ताटाला हात लावून शपथ घ्यायची. मत आपल्या माणसालाच."

एकामागून एक हात लागत गेले. बाईंनी चष्मा काढला.

"मुकादम, एलियाहू हनाबींना कुठल्या पक्षात घातलंत?"

"बाई, हॉल तुमच्याही नातवंडांसाठीच आहे."

"हॉल हवाच. पण पाकिटात मताची चिठ्ठी घालायला माणूस पडद्यामागे एकटा जातो. तुम्ही तिथे नबींना पहाऱ्यावर बसवलंत." मलिदा न खाता त्या निघून गेल्या.

दोन दिवसांनी, ताटाला हात लावलेल्या रिबकामावशी त्यांच्याकडे रडत गेल्या. मावशींच्या नवऱ्याच्या आजारपणात दुसरा उमेदवार धावून आला होता. त्याला मत द्यावं तर शपथ मोडते, न द्यावं तर मन खातं. बाईंनी त्यांना सांगितलं, की शपथ घालून किंवा नवस बोलायला लावून मत मागायला इथल्या कायद्याने मनाई आहे. पण मावशींना कायदा नको होता, ही शपथ लागू नाही, असं कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. म्हणून बाईंनी निवडणुकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधीशांकडे तक्रार केली. कुणाला शिक्षा मागितली नाही. मागणं एकच होतं: ही शपथ कुणावर बंधनकारक नाही, एवढं जाहीर करा.

बेर-शेव्याला सुनावणी झाली. न्यायाधीशांनी मला विचारलं. मी म्हणालो, "नेहमीचा मलिदा होता. गावाच्या भल्याची प्रार्थना केली. शपथ कुणी घातली नाही. बाईंचा गैरसमज झाला असेल."

मग मावशींना विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "आठवत नाही." बाकीच्यांनाही आठवलं नाही. पुरावा नाही म्हणून तक्रार निकालात निघाली.

बाहेर मला वाटलं, बाई आता तोंडावर काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "न्यायाधीशांपुढे जे आलं, त्यावर त्यांनी ठरवलं. त्यांचा अधिकार आहे." परतीच्या बसमध्ये त्या पुढे एकट्या बसल्या. आम्ही सगळे मागे दाटीवाटीने.

आमचा माणूस निवडून आला. हॉल झाला, आणि खरं सांगायचं तर चांगला झाला. बाईंना लोक खोटारडी म्हणू लागले. सिनेगॉगची बदनामी केली म्हणून बायकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. माझ्या कानावर सगळं येत होतं. गुरुवारची माणसं गळत गेली. एका गुरुवारी क्लबावरून जाताना मी खिडकीतून पाहिलं. रिकाम्या खुर्च्यांसमोर बाई पेपर उघडून बसल्या होत्या. वेळ संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

पुढे त्या मित्स्पे रामोनला मुलीकडे राहायला गेल्या. बऱ्याच वर्षांनी मी बस पकडून तिथे गेलो. वाटभर एकच वाक्य घोकत होतो. "इमा, ओरेआख!" मुलीने आत हाक मारली. आई, पाहुणे. बाई वाळल्या होत्या. अंगणात एक रानबकरा त्यांची तुळस खात होता.

"याला कधीची विचारतेय, अधिकार कुणी दिला," त्या म्हणाल्या. "बसा, मुकादम. चहा घेणार ना?"

मी सुरुवात केली, "बाई, त्या दिवशी मी..."

त्यांनी हात वर केला. "मला सांगू नका. मला तर माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा. शपथ जिथे घातलीत आणि खोटं ज्यांच्या देखत बोललात, तिथे. मी तेच ऐकायला थांबले आहे."

"सांगतो," मी म्हणालो. त्यांनी चहात साखर जास्त घातली. मी गुमान प्यालो.

दर शनिवारी, शब्बाथला, सिनेगॉगमध्ये तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनानंतर उभं राहून सूचना द्यायचं काम माझंच. कुणाचं लग्न, कुणाच्या मुलाचा बार मित्झ्वाचा विधी, नळाची दुरुस्ती, हॉलचं भाडं. मी उभा राहायचो, सूचना द्यायचो, बसायचो. शपथेच्या त्या ताटाला हात लावणारे एकेक जात राहिले. रिबकामावशीही गेल्या. मग एका आठवड्यात मित्स्पे रामोनहून बाईंच्या मुलीचा फोन आला.

शब्बाथला तीही सूचना मीच दिली. बाईंचं नाव घेतलं, वारल्या म्हणालो, दफन तिकडेच झालं म्हणालो. लोक "बरं" म्हणाले. मी अजून उभाच होतो. पुढचं वाक्य ओठांवर होतं. "मंडळी, शपथ मी घातली होती. बाई खरं बोलल्या, खोटं मी बोललो. त्यांची आणि तुमची मी क्षमा मागतो."

मी बसलो.