बोलणारी डबी आणि भय्यासाहेबांची नागपूर लाईन

इकडं हिंदी मुलखात, अधारतालला, आमच्या भिंतीला भिंत लागून भय्यासाहेब खोडके राहतात. मूळचे वरूडकडचे. वडील व्हेईकल फॅक्टरीत मिलिटरीचे ट्रक जोडायचे. हे ट्रक चालवतात. पोट पुढं, मिशा त्याच्याही पुढं, आणि आवाज असा की ते त्यांच्या घरात कुजबुजले तरी मला माझ्या ओट्याशी ऐकू येतं.

वेगाच्या मर्यादेबद्दलचं त्यांचं मत साऱ्या गल्लीला पाठ आहे.

"वहिनी, रस्ता चार पदरी करून ठेवला अन् गाडीले म्हणतात, हळू चाल. म्हणजे पंगतीत जिलबी वाढायची अन् सांगायचं, नुसती पाहून घ्या!"

परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, सगळ्यांचा उद्धार त्याच दमात होतो. पण गल्लीत शिरताना हाच माणूस गाडी इतकी हळू आणतो की रस्त्यात आखलेला लंगडीचा पट मोडायच्या आत पोरींना खेळ संपवता येतो. हे मात्र त्यांना बोलून दाखवलं तर चालत नाही.

हिवाळ्यात मटार, एरवी मिळेल तो माल, पण त्यांची लाईन नागपूरचीच. पहाटे निघायचं, दुपारी मंडीत गाडी लावायची आणि तडक प्रणोतीकडे जेवायला जायचं. प्रणोती त्यांची एकुलती लेक, नागपूरला दिलेली. ती बापासाठी गरम पोळी तव्यावरून थेट ताटात टाकते. मटार हे आपलं निमित्त.

गेल्या वर्षी मालक बदलला. म्हाताऱ्या शेठजींच्या जागी त्यांचा मुलगा चिराग गादीवर बसला आणि त्यानं सगळ्या गाड्यांत एकेक डबी बसवली. काटा सत्तरच्या वर गेला की डबीतून बाई बोलायची, "कृपया गति कम करें." त्याच क्षणी चिरागच्या मोबाईलवर खबर.

"घरी एक बाई म्हणते हळू, गाडीत दुसरी!" भय्यासाहेब चिडले.

"मग दोघींचं ऐका नं," राधाबाई म्हणाल्या. राधाबाई म्हणजे त्यांच्या घरच्या.

त्यांनी एकीचंही ऐकलं नाही. एक दिवस परातीतून मळलेल्या कणकेचा गोळा उचलून नेला आणि डबीच्या जाळीत दाबून बसवला. कणीक वाळून दगड झाली, बाईचा आवाज बसला. भय्यासाहेब आठ-पंधरा दिवस सुखात पळाले. तोंड बंद झालं तरी मोबाईलवर खबर जातच असते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

चिरागनं बोलावून घेतलं. "काका, ट्रक चला रहे हो के हवाई जहाज? सोमवार से आप गिट्टी ढोओगे, यहीं गाँव में. नागपुर मोहन जाएगा."

गावातल्या गावात खडी वाहायची म्हणजे लेकीच्या घरचं जेवण बंद. भय्यासाहेबांनी हात जोडले. म्हाताऱ्या शेठजींची आठवण काढली. शेवटी एक फेरी मिळाली. "एक भी अलर्ट आया, तो गिट्टी," चिरागनं बजावलं आणि जाळीतली कणीक खरवडून काढायला लावली.

त्या फेरीच्या दिवशी मी राधाबाईंच्या अंगणात मटार सोलायला बसले होते. त्यांचं लक्ष शेंगांपेक्षा फोनवर जास्त. फोन वाजला, पण तो लखनादौनच्या नथ्थूचा. त्याचा तिथं, नागपूरच्या वाटेवर, ढाबा आहे.

"भाभी, भैया की तबीयत तो ठीक है? गाडी सुबह ही सामने से निकल गई, रुके नहीं! हमसे कुछ गलती हुई क्या?"

मला काही उलगडेना. राधाबाईंनी समजावलं. नथ्थूच्या खाटेवर तास-दीड तास आडवं व्हायचं, चहा, गप्पा, पान, आणि गमावलेला वेळ पुढं पाय दाबून भरून काढायचा, ही यांची जन्माची पद्धत. आज हळू चालायचं म्हणून थांबणंच रद्द केलं होतं. थर्मास आणि पोळी-चटणी सोबत बांधून दिली होती.

"हुशार झाले म्हणायचे," मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांचाच फोन. राधाबाईंनी स्पीकर लावला.

"अवं, बाई बोलली."

"काटा किती होता?"

"अठ्ठावन! पासष्टच्या वर गेलोच नाही आज. सायकलवाले हसून राहिले मले! तरी ती म्हणते, आप चार घंटे से चला रहे हैं, कृपया विश्राम करें. पळालं तरी बोलते, नाही थांबलं तरी बोलते. काहून जन्माले घातलं हिले?" मग तो मोठा आवाज एकदम खाली आला. "गेली नं लाईन. पोरीच्या घरचं जेवण गेलं."

राधाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पण त्यांचा स्वर ठाम होता. "ती म्हणते थांबा, तर थांबा. गाडी बाजूले लावा अन् झोपा."

"मंडीत उशीर होईल."

"होऊ द्या. चलो, ठेवा फोन."

खवासा गावाच्या पुढं त्यांनी गाडी लावली आणि खरंच झोपले. उठवलं ते चिरागच्या फोननं.

"काका, मशीन ने कहा और आप रुक गए? सच में?"

"हो जी, सो गया था."

"अलर्ट तो आया है आपका."

भय्यासाहेबांनी मनातल्या मनात गिट्टी भरायला घेतली.

"पर स्पीड का नहीं. इतने साल में पहली बार किसी का कहना माना आपने. नागपुर आप ही जाओ. और सुनो, बीच में रुकना पडेगा. रूल है."

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा राधाबाईंच्या फोनवर प्रणोतीचा व्हिडिओ कॉल आला, मी शेजारीच होते. ताटापुढं भय्यासाहेब, मिशीला वरण लागलेलं.

"आई, बाबा आज किती आरामात जेवून राहिले बघ. एरवी ताट वाढलं की उठायची घाई."

"सांग वहिनीले," भय्यासाहेबांनी मला निरोप धाडला, "सत्तर कमीच आहे. पंच्याहत्तर ठेवायले पाहिजे होतं चिरागनं."

"बाबा, आधी भात घ्या," प्रणोती म्हणाली, आणि त्यांनी ताट पुढं केलं.