ज्याचं सोंग त्याच्या दारी

खोडाळ्याहून आम्ही निघालो ते सागाच्या ओंडक्यांवर बसून. संस्थानच्या रानातला साग ठाण्याच्या वखारीत जायचा, आणि त्याच वखारीत माझ्या नवऱ्याला ओंडके वाहायचं काम मिळालं होतं. गाडी हलली तशी माझी आयस मागून ओरडली, "तिकडचा पाणी पी, पन आपली बोली सोडू नको!" मला रडू येत होतं आणि रागही. लेक परमुलखात चालली आणि हिला बोलीची काळजी!

तुम्ही मागं राहिलात, काही जण माझ्यासारखे घाट उतरून आलात, त्या सगळ्यांसाठी हे बोलतेय. मला लिहिता येत नाही, लेक उतरवून घेते.

आपला सोंगांचा बोहाडा आठवतो ना? अजून चैत्र आला की माझे कान संबळाकडं लागतात. देवांचे मुखवटे नाचून झाले की हसवायची सोंगं निघायची. माझा नवरा वाण्याचं सोंग करायचा. पोटाला गोधडी बांधून, तराजू धरून असा काही मापात मारायचा की म्हाताऱ्यांचीसुद्धा हसून मुरकुंडी वळायची. पण आपल्या पाड्याची रीत होती, ज्याचं सोंग त्याच्या दारी आधी. दिवसाढवळ्या वाण्याच्या ओट्यासमोर नाचायचं, मगच गावात. आणि ती वाणीण! काय तोंड होतं बाईचं! पदर खोचून ओट्यावर यायची आणि उलट आपल्या लोकांचीच नक्कल करायची. आपण मीठ घ्यायला येतो, न बोलता खांबाला टेकून उभे राहतो, आणि शेवटी तंबाखू घेऊन घरी जातो! आपण पोट धरधरून हसायचो, कारण खरंच होतं की ते.

ठाण्याला आमच्या आळीत कोकणातले, देशावरचे, सगळ्या मुलखांचे लोक. आम्हाला मात्र नाव नव्हतं, 'ते रानातले' एवढंच. वखारीतले कारकून, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, गणपतीच्या मेळ्यासाठी पदं रचत. नवऱ्याला नकला येतात हे त्यांच्या कानावर गेलं आणि मेळ्यात त्याला रानटी माणसाचं सोंग मिळालं. तो हरखला. मीही हरखले, खोटं कशाला बोलू? मग तालीम बघितली. नवरा माझा गव्हाळ, म्हणून त्याला काजळी फासली. कमरेला पाला बांधला. आपल्या आज्या-पणज्यानं कधी पाला नेसला होता? तो आपल्या बोलीत बोलायला लागला तर भाऊसाहेब म्हणाले, "असं नको रे, हे लोकांना कळतं. हुंबाक हुंबाक कर." घ्या! खरा रानातला माणूस समोर उभा, तरी तो त्यांना पुरेसा रानटी वाटेना.

घरी आमचं भांडण झालं. "हसतात म्हंजे आपल्यात घेतात," तो म्हणाला. "आजवर वखारीत कुनी नावानं हाक नाय मारली. आता देवजी, देवजी करतात." ते खोटं नव्हतं. पण तालमी बघून विहिरीवर बाया मला बघितलं की 'हुंबाक' करायला लागल्या होत्या, त्याचं काय? उद्या माझ्या लेकीनं तेच ऐकत मोठं व्हायचं?

शेवटी मी तडक भाऊसाहेबांकडं गेले. म्हटलं, "आमच्यात ज्याचं सोंग त्याच्या दारी आधी करतात. आमच्या दारी करा." ते हसले. "अगं, गंमत आहे ती. मनाला काय लावून घेतेस? करू की!" माणूस वाईट नव्हता. शब्दाला जागला. दुसऱ्याच सकाळी पेटी-तबला घेऊन मेळा आमच्या दारात.

नवरा पाला हलवत नाचला, आळी हसली. संपलं तसा मी पदर खोचला. "आता आमची पाळी!" भाऊसाहेबांसारखा धोतराचा सोगा चिमटीत धरल्यागत, चिखल चुकवत, नाकाला फडकं लावून मी चालले. वखारीत नवरा बसून उठला की त्या जागेवर ते पाणी शिंपडवत, तसं शिंपडलं, आणि तिथूनच गोड आवाजात हाक मारली, "देवजी, तालमीला ये हं!" असा हशा पिकला म्हणता! काजळीच्या आतून नवराही हसला. भाऊसाहेबांचे कान लाल झाले.

"ही गंमत नाही. हा पाणउतारा आहे."

"होय ना?" मी म्हटलं. "मग तुमचं ते काय होतं?"

ते तडक निघून गेले. त्या वर्षी नवऱ्याला वगळून ते सोंग दुसऱ्याला दिलं आणि मांडव तसाच हसला. जग काही बदललं नाही. नवरा दारात बसून ते हसणं ऐकत होता. म्हणाला, "त्याला चाल नाय जमत." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मला इचारायचं होतंस." वखारीत तो पुन्हा नुसता 'ए' झाला. त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन. पुढं दर बोहाड्याला तो खोडाळ्याला जायचा आणि घसा बसवून, खुशीत परत यायचा. त्याचं घर तिकडंच राहिलं.

वाण्याला आपण कधी हिणवलंच नाही, असं मी छातीठोक सांगणार नाही. त्याच्या मनाला काय लागायचं ते तोच जाणे. पण त्याच्या बायकोला तिथंच उभं राहून उत्तर देता यायचं, आणि आपण ते मुकाट ऐकून घ्यायचो. ठाण्याच्या मांडवात आम्हाला बोलावलं होतं ते नुसतं आमच्यावर हसायला.

आमच्या दारातल्या सोंगाच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी विहिरीवर गेले तर सगळ्या गप्प. मनात म्हटलं, झालं, आता आपल्याला वाळीत टाकलं. तेवढ्यात कोकणातली एक जाडजूड बाई, जी सगळ्यांत जास्त 'हुंबाक' करायची, कळशी खाली ठेवून म्हणाली, "गो, माजा सोंग करून दाखव मगे. मी कशी चालतंय ता."

"रागावशील."

"रागावलंय तर मी तुजा करीन!"

मी तिची चाल करून दाखवली. मग तिनं माझी केली, डोक्यावर कळशी घेतली की मी मान कशी ताठ धरते ती. इतकी हुबेहूब की मला हसता हसता खाली बसावं लागलं. घरी येताना पहिल्यांदा वाटलं, आपण इथं नुसते कामाला आलो नाही, राहायला आलोय.