न बोललेलं एक वाक्य

"त्यांच्या हातात तेवढंच आहे," असं म्हणून काका चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि पुन्हा डोळ्यांवर चढवायचे. पाणी आलं नाही, रस्ता खोदून ठेवला, काहीही झालं तरी सरकारबद्दल त्यांचं मत एवढंच. मी सोसायटीचा सेक्रेटरी. पुढाऱ्यांच्या दारात उभं राहून माझ्या चपला झिजलेल्या. मला त्या वाक्याचा संताप यायचा. अशी शांत माणसं तुम्हीही पाहिली असतील; त्यांच्या शांतपणाने आपलं डोकं अधिकच फिरतं.

उलव्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. न्हावा शेवा बंदराच्या एका यार्डात कंटेनरचं सील तपासण्यात सगळी नोकरी गेली. सील जरा हललेलं दिसलं की कंटेनर गेटबाहेर सोडायचे नाहीत, मग फोन कुणाचाही येवो. निवृत्तीनंतर घरात ते आणि काकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

एकदा मी गटाराच्या कामासाठी आमच्या भागातल्या नेत्यांना अर्ज लिहिला आणि मीटिंगमध्ये वाचून दाखवला. सुरुवात होती, 'आमचे एकमेव आधारस्तंभ'. काकांनी हात वर केला. म्हणाले, आदरणीय लिहा, सन्माननीय लिहा, पण एकमेव आधार कशाला लिहिता? सगळे हसले. मी अर्ज तसाच पाठवला. गटाराचं काम झालं नाही ते नाहीच.

त्यांची ख्रिस्ती मंडळी छोटी, पंधरा-वीस घरांची. रंगाच्या दुकानाशेजारच्या एका भाड्याच्या गाळ्यात रविवारची उपासना व्हायची. काका तिथले पंच, मंडळीचा कारभार बघणारे. सत्तेवरच्या लोकांसाठी प्रार्थना करायचं काम त्यांच्याकडे. सरपंचापासून दिल्लीपर्यंत एकेकाचं नाव घेऊन ते त्यांच्यासाठी शहाणपण मागायचे. निवडणुकीत पडलेल्यांनाही वगळायचे नाहीत. अर्धवट ओढलेल्या शटरबाहेर उभं राहून मी हे ऐकलंय, आणि मनात म्हटलंय की इतकी वर्षं मागूनही वर स्टॉक दिसत नाही.

मग काकूंच्या पोटात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले. काकू खमक्या, मरणाचं भय त्यांनी दाखवलं नाही. चिंता एकच होती, पुरायचं कुठे. आमच्या जवळपास ख्रिस्ती दफनभूमी नव्हती. मंडळीचे अर्ज वर्षानुवर्षं पडून होते. कुणी गेलं की लांबच्या एखाद्या चर्चच्या विनवण्या करायच्या, नाहीतर गाव गाठायचं. काकूंना गाव नको होतं. तिकडे मला कोण ओळखतं, म्हणायच्या. इथेच ठेवा, म्हणजे यांना चालत येता येईल.

ते ऐकून मीच काकांना त्याच नेत्यांच्या ऑफिसात घेऊन गेलो. माणूस वाईट नव्हता. उठून खुर्ची दिली, चहा मागवला, काकूंची चौकशी केली.

"जागेचा कागद तयार हाय काका," ते म्हणाले. "रविवारी मी येतो तुमच्या प्रार्थनेला. सगल्यांसमोर एवढंच बोला, का हा मानूस देवानंच पाठवलाय. दुसऱ्या दिवशी जागा तुमची."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठी प्रार्थना मी दर रविवारी करतो. पण देवाने पाठवलंय का, त्याने मला तसं काही कळवलेलं नाही."

नेते मोठ्याने हसले. मीही हसलो. कागद ड्रॉवरमध्ये गेला.

बाहेर आल्यावर मी काकांवर खेकसलो. एका वाक्याचा प्रश्न होता, म्हटलं. ते म्हणाले, "जागेसाठी मी त्यांच्या पाया पडेन, सेक्रेटरी. आत्ता परत जाऊन पडतो. पण देवाच्या नावावर खोटं कसं बोलू?"

मंडळीत ही गोष्ट पसरली. घरोघरी म्हातारी माणसं होती, प्रत्येकाला जागा हवी होती. लोक काकांशी बोलेनासे झाले. पंचपदही काढून घेतलं.

काकू एका सोमवारी सकाळी गेल्या. मी दोन ठिकाणच्या दफनभूम्यांत फोन केले. दोन्हीकडे सांगितलं, जागा आमच्याच लोकांना पुरत नाही. तेव्हा काकांनी माझ्याकडे नेत्यांचा नंबर मागितला. जिन्यात उभं राहून त्यांनी पाच-सहा वेळा लावला. कुणी उचलला नाही. घरात बायको बर्फावर आणि हा ताठ म्हातारा फोन कानाला लावून भिंतीला टेकलेला. ते मला बघवेना.

शेवटी ॲम्ब्युलन्स करून घाट चढून गावी गेलो. खड्डा खणणाऱ्यांपैकी एकानेही काकूंना कधी पाहिलं नव्हतं. काका मातीजवळ बसून राहिले. परत चला म्हटलं, तर मान हलवली. पुतण्याच्या घरी एक खोली होती, तिथेच राहिले. उलव्यातल्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे दिली.

पुढच्या निवडणुकीआधी नव्या पंचांनी ते वाक्य म्हटलं. जागा मिळाली. कंपाउंड झालं, गेटवर नेत्यांचं नाव आलं. आमच्या बिल्डिंगपासून चालत दहा मिनिटं. कुणाकडून तरी कळण्यापेक्षा आपण सांगावं, म्हणून मी गावी गेलो. काका फार वाळले होते. सगळं ऐकून म्हणाले, चांगलं झालं, लोकांची सोय झाली. जागा केवढी, झाडं आहेत का, तेही विचारलं. काकूंना आता हलवता येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

निघताना त्यांनी माझा हात धरला.

"आजही मी नाहीच म्हणेन," ते म्हणाले. "पण तेव्हा घरी येऊन तिला विचारायचं राहिलं. माती तिची होती. तीही नाहीच म्हणाली असती ना?"

काकूंच्या शेवटच्या आठवड्यात काका औषध आणायला गेले असताना मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या होत्या, "बोलले असते एवढं, तर देव काय रागावला असता का हो भाऊ? माझ्यासाठी बोलायचं होतं."

मी काकांना म्हटलं, "हो, नाहीच म्हणाल्या असत्या." त्यांनी माझा हात सोडला. त्यानंतर महिन्याभरात तेही गेले.