घारगिधाड

आमच्या मायच्या लेखी घार आणि गिधाड हा एकच पक्षी होता, घारगिधाड. आभाळात काहीही गोल फिरताना दिसलं की ती हातातलं काम टाकून ओरडायची, "आलं गं घारगिधाड, पिल्लं झाक!" मग मी डालगं, म्हणजे बांबूचं मोठं टोपलं, पिल्लांवर पालथं घालायचे. शाळेत गुरुजींनी पक्ष्यांची नावं विचारली तेव्हा मी ठणकावून घारगिधाड सांगितलं आणि वर्गभर हसं करून घेतलं. त्याच शब्दाच्या आडोशाला मी एकदा लपले होते, आणि त्यात दुसऱ्याच बाईचा घात झाला. ते सांगायचं आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कुरुंद्याच्या बाजूचं आमचं गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. माय आणि शेजारची मावशी हळद काढायला जोडीनं जायच्या. मावशी नात्यातली नव्हती, पण दोन्ही घरांचं अंगण एकच होतं आणि एकीच्या चुलीतला विस्तव दुसरीच्या चुलीत जायचा. तिला मूलबाळ नव्हतं. एक काबरं मांजर होतं, त्याच्याशी ती दिवसभर बोलत बसायची.

एका रविवारी माय एकटीच कामाला गेली. मावशीचं अंग दुखत होतं म्हणून ती घरी राहिली. आमच्या लाल कोंबडीनं नऊ पिल्लं काढली होती, त्यांची राखण माझ्याकडे होती. "पिल्लांपासून हलू नकोस," असं माय तीनदा बजावून गेली. पण त्याच दिवशी गावातला एक बैल मेला होता आणि त्याला ओढ्यापलीकडच्या माळावर नेऊन टाकलं होतं. माळावर गिधाडं उतरताना मला अंगणातून दिसली आणि मी निघाले. डालगं घालायचंही मला सुचलं नाही.

बांधाआड बसून मी ती मोजली. सतरा होती. त्यांची भांडणं, उघड्या माना, पंख पसरून एकमेकांच्या अंगावर जाणं, सगळं मी तोंड उघडं टाकून बघितलं. किती वेळ गेला कोण जाणे. परतले तर कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात उभी, आणि पिल्लं पाचच.

संध्याकाळी माय आली. मी रडत म्हणाले, "घारगिधाडानं नेली." आणखी काही सांगावंच लागलं नाही. मायनं मला जवळ घेतलं. आज विचार करते तेव्हा या गोष्टीची लाज वाटते आणि हसूही येतं. त्या दुपारी गिधाडं कुठं होती हे साऱ्या गावात मला सगळ्यात पक्कं माहीत होतं, आणि त्यांच्यावर आळ घेणारी मीच.

माय बाबांना म्हणाली, "कपाशीचं औषध टाका त्या ढोरावर. मरू द्या एकदाची."

बाबा चिडले. "गिधाड जित्याला हात लावत न्हाई. त्याच्या पायात पकडच न्हाई, पिल्लू काय उचलंल? उगं गरिबाचा जीव काहून घेतीस?"

बाबांना गिधाडांची बाजू घ्यायला कारण होतं. मेलेली ढोरं ओढायचं आणि सोलायचं काम गावानं आमच्या वस्तीच्या गळ्यात घातलेलं होतं. बुद्धाला शरण गेल्यावर आमच्या आजोबांनी ते कायमचं सोडलं. बाबा म्हणायचे, "आमी सोडलेलं काम ते करून राहिले. त्यायला कुणी हलकं म्हणत न्हाई, अन् त्यायला त्याची लाज बी न्हाई."

मायला ते पटेना. पंधरा दिवसांनी एक म्हैस मेली तेव्हा बाबांनी लाल कोंबडी काखेत मारली, मायला आणि मला माळावर नेलं आणि कोंबडीच्या पायाला सुतळी बांधून तिला म्हशीजवळ सोडलं. आम्ही तिघं लांब बांधावर बसलो. माझा जीव टांगणीला लागला होता. माझ्या एका खोट्यापायी मायची सगळ्यात लाडकी कोंबडी तिथं बांधलेली होती. आमच्या चाहुलीनं उडालेली गिधाडं एकेक करून परत उतरली. कोंबडी आधी जमिनीला चिकटली. मग हळूच उठली, पायानं माती उकरली आणि गिधाडांच्या पायांमधून फिरत किडे टिपायला लागली. एका गिधाडानं तिच्याकडे मान वळवून पाहिलं आणि परत म्हशीत चोच घातली.

बाबा हसले. माय हसली नाही. ती म्हणाली, "मंग माझी पिल्लं कोनं नेली?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोघंही शेजारीच बसलेली होती. पण मार आठवला आणि मी मान खाली घातली.

परत आल्यावर माय सरळ मावशीच्या दारात गेली. "त्या दिवशी तू घरी व्हतीस. तुझं मांजर बी व्हतं. खरं सांग."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "माझ्या मांजरानं न्हाई खाल्ली."

दोन दिवस तिनं वाट बघितली. माय बोलेना. तिसऱ्या दिवशी मावशीनं मांजर पोत्यात घातलं, चालत पार दुसऱ्या गावाच्या शिवारात नेऊन सोडलं आणि रिकामं पोतं सगळ्यांना दिसेल असं दाराशी वाळत घातलं. भांडण मिटावं म्हणून. मायनं त्याचा उलटा अर्थ लावला. "मनात पाप नसतं तर सोडलं असतं का?" त्यानंतर माय दुसऱ्या टोळीबरोबर हळदीला जाऊ लागली. अंगणात मधोमध तुराट्यांचा कूड उभा राहिला. दोघींचं बोलणं मरणा-लग्नापुरतं उरलं.

पिल्लं कुणी नेली ते मला अजून माहीत नाही. बहुधा घारीनं, नाहीतर मुंगसानं.

पुढे मी नर्सिंग शिकून हिंगोलीला नोकरीला लागले. तोवर आमचा जिल्हा वेगळा झाला होता आणि माळावरची गिधाडं संपली होती. जनावरांना टोचायचं दुखण्याचं औषध मेलेल्या ढोरांतून पोटात जाऊन ती मेली, असं नंतर कळलं. मेलेली ढोरं माळावर कुजत पडू लागली, कुत्री माजली, आणि वाऱ्याबरोबर वास थेट वस्तीत यायचा. एकदा गावातली दोन माणसं बाबांकडे आली आणि आडून आडून विचारू लागली, वस्तीतलं कुणी ढोर ओढायला येईल का. बाबांनी त्यांना फावडं आणून दिलं. "खड्डा खना," म्हणाले. कोंबड्यांना गिधाडांपासून कधीच धोका नव्हता. ती गेल्याचा धोका मात्र आमच्या दारापर्यंत आला होता.

दोन हजार सात-आठच्या सुमारास माय गेली. शेवटचे पंधरा दिवस मी तिच्या उशाशी होते. सांगू, सांगू म्हणत राहिले आणि सांगितलं नाही. तिला त्रास कशाला, असं स्वतःला समजावलं. खरं तर भीती नऊ वर्षांच्या पोरीचीच होती.

मायच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुडाला वळसा घालून मावशीकडे गेले. ती तूर निवडत बसली होती. मी एका दमात बोलून टाकलं. "मावशी, त्या दिवशी मी पिल्लांपाशी नव्हतेच. गिधाडं बघायला माळावर गेले होते."

तिचा हात थांबला नाही. "मला ठावं हाय. दुपारी अंग हलकं झालं तशी सरपनाला मी बी तिकडंच आले व्हते. बांधाआड बसून बोटांवर मोजून राहिली व्हतीस."

"मग मायला सांगितलं का नाही?"

"तुला मारलं असतं तिनं. लेकराला काहून मार खाऊ घालू? वाटलं, पोरगी दोन दिसांनी आपसूक सांगंल."

मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं पाय मागे घेतले. सुपातला एक खडा काढून तिनं बाजूला टाकला.

"आता मला काहून सांगतीस? मला तर ठावंच व्हतं. तिला सांगायचं व्हतंस."