साती आसरांचा सातवा दगड

तालमीतल्या गड्यांनो, ह्यो फळा पुसायच्या आधी वाचा.

आज डाक्टर गावाला गेल्ते, म्हनून त्यांचा नावाडी रामामामा मला त्यांच्या शिडाच्या होडीतनं धरनात घिऊन गेला. दुष्काळानं पानी आटलंय. बुडालेला खडक उघडा पडलाय अन् त्याच्यावर साती आसरांचे, पान्यातल्या कडक देवींचे, शेंदूर फासलेले सात दगड दिसत्यात.

आमी त्या खडकावर उतरून भाकर खाल्ली. मला खोडी सुचली. खडकाच्या कडंचा साधा दगड भाकरीच्या फडक्यात बांधला अन् होडी निघाल्यावर म्हनलो, "मामा, एक आसरा घरी नेतोय."

मामा पांढराफटक पडला. तेवढ्यात वारा फिरला. होडी खडकाकडंच चालली, शीड पाडलं तरी थांबंना.

"माघारी ठिव, मुडद्या! मला पोरंबाळं हायेत!"

"मामा, चेष्टा केली!" म्या फडकं सोडून साधा दगड दावला.

होडी खडकाला घासली. मामानं वर बघून बोटानं मोजलं. "मंग हितं सहाच कसे?"

भाकर खाताना सात हुते, म्या सोता मोजल्ते. आमच्याबिगर तिथं कुनी न्हवतं.

गड्यांनो, सातवा कुनी नेला? ठावं आसंल त्यानं खाली खडूनं लिवा. मामा काठावरच बसलाय. सातवा आल्याबिगर घरी पोरांत जानार न्हाई म्हनतो.