शिरा, खीर आणि ग्लुकोजचा ग्लास

"रफिकभाई, प्या."

"डॉक्टरसाहेब, हे प्यायलो की माझं काय होतं ते ठाऊक आहे ना?"

"तेच तर बघायचंय!"

रफिक मुलाणी मूळचे मिरजेचे. गाझियाबादला शाळेची बस चालवायचे. जुन्या अल्सरमुळे त्यांच्या जठराचं खालचं तोंड बंद होत आलं होतं. तो भाग मीच काढला. ऑपरेशन उत्तम झालं. पण घरी गेल्यावर नवंच सुरू झालं. खाल्लं की घाम आणि धडधड. तासा-दोन तासांनी हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा जिन्यातच कोसळले. ईसीजी नॉर्मल. शाळेने बस काढून घेतली.

आमचे हेड कपूरसाहेब म्हणाले, "मिरगी लगती है यार, न्यूरो में भेज दो."

मिरगीचा शिक्का बसला असता तर त्यांचं ड्रायव्हिंग कायमचं संपलं असतं. मी पाठवणारच होतो. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, नसीमभाभी, म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगितलेलं एक चुकवत नाही आम्ही. सकाळी गुळाचा शिरा, मग खीर. चक्कर आली की अख्खा ग्लास ग्लुकोज."

मी खुर्चीत ताठ झालो.

आमच्याकडे पथ्य डाएटिशियन सांगते, हिंदीत. पण इतक्या दिवसांनी कुणी मराठी बोलणारं भेटलं होतं. मीच तिला म्हटलं होतं, "इन्हें मैं समझा दूँगा." आणि आजारपणात माझी आई जे द्यायची, तेच सांगून मोकळा झालो होतो.

जठराच्या खालच्या तोंडाशी एक झडप असते. ती अन्न थोडं थोडं आतड्यात सोडते. मी जो भाग काढला त्यात ती गेली. मग गोड एकदम आतड्यात ओतलं जातं. आतडं पाणी ओढून घेतं, माणूस घामाघूम होतो. तिथली हार्मोन्स इन्सुलिनला हाका मारतात आणि ते गरजेपेक्षा जास्त येतं. थोड्या वेळाने रक्तातली साखर धाडकन खाली. याला डंपिंग सिंड्रोम म्हणतात. साखर पडली म्हणून वर ग्लासभर ग्लुकोज प्यायलं, की तेच चक्र पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून वॉर्डात ही टेस्ट. ग्लास रिकामा झाला आणि थोड्याच वेळात नाडी पळायला लागली. चेहरा लाल. साखर उंच चढली. मी खुर्ची सोडून उभाच राहिलो. कपूरसाहेब डोकावले, "सर्जन होके शरबत पिला रहे हो?"

"सर, रुकिए तो!"

तासाभराने कपूरसाहेब पुन्हा आले, तेव्हा आकडा उतरू लागला होता. पुन्हा बोट टोचलं, आणखी खाली. रफिकभाईंचे हात थरथरले. "हेच! हेच होतं साहेब!"

"मिरगी नहीं है, सर!" मी इतक्या जोरात ओरडलो की नर्स दचकली. त्यांना आधी थोडीशीच साखर दिली, लगेच उकडलेलं अंडं. थरथर थांबली.

मग दोघांना सांगितलं, "पथ्य चुकीचं होतं. माझं होतं."

नसीमभाभींनी घरून आणलेला शिऱ्याचा डबा पिशवीत टाकला, माझ्याकडे बघितलंही नाही. रफिकभाई म्हणाले, "म्हणजे बस बंद पाडली तुम्ही, आणि धक्का मारायलाही तुम्हीच!"

गोड बंद, घास लहान, पाणी जेवणानंतर बऱ्याच वेळाने, जोडीला एक गोळी. झटके थांबले. तपासून न्यूरोच्या डॉक्टरांनीही हिरवा कंदील दिला, तेव्हा शाळेने बसची चावी परत केली. त्या सकाळी त्यांनी फोनवर मला नुसता हॉर्न ऐकवला.

केस मीटिंगमध्ये कपूरसाहेब म्हणाले, "ब्रिलियंट पकड़ा." मी मान डोलावली. ग्लुकोजचा सल्ला कुणाचा, हे मात्र तिथे बोललो नाही. ते आज इथे लिहितोय.

आताही कुणी सांगली-मिरजेचं आलं की मी मनसोक्त गप्पा मारतो. पथ्य डाएटिशियन सांगते. हिंदीत.