आबांचे अकरा मुक्काम

स्वारगेटला बारामतीच्या एस.टी.त चढले तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी होती आणि चादरीत गुंडाळलेला, दाराच्या फळीएवढा डिजिटायझर होता. कागदी नकाशा या फळीवर चिकटवायचा, त्यातल्या रेघांवरून हातातलं यंत्र फिरवत बटण दाबायचं, की त्या रेघा संगणकात उतरतात. कंडक्टरनं चादरीवर टिचकी मारली. "मॅडम, पाट कुणाच्या लग्नाचा?"

"यंत्र आहे. हात लावू नका," मी फणकाऱ्यानं म्हणाले. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, संगणकावर नकाशे करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांतली एक आपण, याचा मला भारी ताठा होता. या प्रवासानं तो उतरवला, पण फार उशिरा.

विद्यापीठानं मला दहा दिवसांसाठी पाठवलं होतं. बारामतीच्या एका महाविद्यालयात भूगोलाचे प्राध्यापक आणि कर्मचारी यांना संगणकावर नकाशे करायला शिकवायचं आणि सरावासाठी इंदापूर आणि बारामती तालुक्यांचा नकाशा तयार करून घ्यायचा, असं काम होतं. चपला बाहेर काढून सगळे वर्गात आले. विभागप्रमुखांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं. एक ज्येष्ठ प्राध्यापक माऊस टेबलाच्या कडेला गेला की मदतीसाठी माझ्याकडे बघायचे. तो उचलून परत मध्ये ठेवता येतो हे त्यांच्या मनाला पटेना.

हात बसला तो मारुतीरावांचा. हे प्रयोगशाळा सहायक, पन्नाशीचे, घर इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या पाण्याकाठी. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, ह्या नकाशात आमच्या आबाची वाट घालता येईल का?"

त्यांचे वडील, आबा, जन्मभर मेंढरं घेऊन हिंडले. दिवाळी झाली की भीमेकाठच्या जुन्या गावातून निघायचं ते कन्हेरीच्या बाजूनं पुढं कोकणाकडे. कन्हेरीपर्यंतच अकरा वाडे (मेंढरांसह पडलेले मुक्काम) होते. "गाव पान्यात गेलं, मेंढरं इकली, निम्मी वाट उसात गेली. आबा रोज दिवेलागणीला अकराच्या अकरा वाडं तोंडानं म्हणतो. त्यो इसरला तर पुसायचं कुणाला?"

मी हो म्हटलं. मात्र माझी एक अट होती. कागदी नकाशा विद्यापीठाचा, परत करायचा, तेव्हा त्यावर पेन्सिलीची एक रेघही उमटता कामा नये. जे काढायचं ते थेट संगणकात.

दुसऱ्या दिवशी आबा आले. धोतर, घोंगडी, कमरेला चंची (पानसुपारीची कापडी पिशवी). टेबलावरचा नकाशा त्यांनी बराच वेळ बघितला. "उलटा हाय. भीमा काय अशी वाहती व्हय? ती तिकडनं हिकडं जाती," खिडकीबाहेर हात करून ते म्हणाले.

"आबा, नकाशात उत्तर वर असते."

"वर आभाळ आसतं, बाई."

वर्गात हशा पिकला. शेवटी फळी खाली उतरवली, सतरंजीवर ठेवली आणि वायर पुरेल तेवढी फिरवून भीमा भीमेच्या दिशेला लावली. मग आबा मांडी घालून बसले. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसानं नदीचं एकेक वळण बोटानं ओळखलं. चंचीतून चिंचोके काढले आणि एकेका मुक्कामावर एकेक ठेवत गेले. "हितं बाभळवन. दोन राती. पानी ग्वाड." पुढचा चिंचोका. पुढचं नाव. मारुतीराव बटण दाबत होते, मधूनच नाव टाइप करत होते.

प्रत्येक चिंचोक्यापाशी ते हात उचलत आणि थोडी जागा सोडून पुढची रेघ सुरू करत. मी टोकलं, "रेघ तुटक नको, सलग काढा."

"पर मॅडम, हितं कळप बसतो. बसल्या जागंला वाट कशी दावायची?"

मला हसू आलं. असू दे, म्हटलं. नंतर मात्र त्या रेघा मी शिक्षिकेच्या नजरेनं तपासत राहिले.

अकरावा चिंचोका ठेवून आबांनी पडद्याकडे बोट केलं. "ह्यो इसरत न्हाय नव्हं?"

"नाही आबा. मशीन कधी विसरत नाही," मी ठासून म्हणाले.

"मग म्या मोकळा," म्हणत त्यांनी चिंचोके गोळा करून चंचीत भरले.

रविवारी मारुतीराव मला घरी घेऊन गेले. रस्त्याला दोन्ही अंगांनी ऊस, आणि ऊस संपला की एकाएकी समुद्रासारखं पसरलेलं पाणी. काठाच्या चिखलात रोहित पक्षी माना खाली घालून उभे होते. त्या पाण्याखाली जुनं गाव होतं. मारुतीरावांच्या पत्नींनी बाजरीची भाकरी आणि माशाचं झणझणीत कालवण वाढलं. "धरान आलं, मेंढरं गेली, आन आमी मासं खायाला शिकलो," त्या म्हणाल्या. मी तीन भाकरी हाणल्या, लाज सोडून.

दिवेलागण झाली. आबा ओट्यावर पाण्याकडे तोंड करून गप्प बसले होते. त्या माउली मला आत हळूच म्हणाल्या, "चार दिस झालं, म्हनत न्हाईत. आता मशीनीत हाय म्हनत्यात." मला अभिमान वाटला. माझ्या विद्येनं एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, असा अभिमान. तो आठवला की आजही कानशिलं तापतात.

शेवटच्या दिवशी समारोपाला प्राचार्य येणार होते. नकाशा नीटनेटका दिसावा म्हणून मी सफाईची आज्ञा दिली. कशालाच न जोडलेल्या, लोंबकळत्या आखूड रेघा संगणक यात आपोआप पुसतो. किती लांबीपर्यंतच्या पुसायच्या तो आकडा आपण द्यायचा. घाईत माझं एक शून्य जास्त पडलं. फ्लॉपीत जागा नव्हती, म्हणून आधीची प्रत पुसून नवी ठेवली. नकाशा आरशासारखा स्वच्छ छापून आला. टाळ्या झाल्या, मला शाल-श्रीफळ मिळालं.

लोक पांगल्यावर मारुतीराव नकाशावर वाकून उभे होते. "मॅडम, आबाची वाट कुठं हाय?"

प्रत्येक मुक्कामाला तुटलेली, दोन्ही टोकं मोकळी असलेली एकेक रेघ. संगणकाला तो कचरा वाटला. रेघांबरोबर त्यांना जोडलेली नावंही गेली. मी सगळ्या फ्लॉप्या उलट्यासुलट्या करून बघितल्या.

"आबाला काय सांगू?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी आबांना पुन्हा बसवता आलं असतं. पण खांद्यावर शाल होती आणि प्राचार्य दारात उभे होते. मी म्हणाले, "सांगा, छापून आणते. उन्हाळ्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले.

तो उन्हाळा दुसऱ्या गावच्या प्रशिक्षणांत गेला. मारुतीरावांची दोन पत्रं आली, दोन्हीत शेवटी एकच ओळ: आबा वाट बघतात. मी गेले ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, स्वतःचा नवा नकाशा आणि टोक केलेल्या चार पेन्सिली घेऊन.

आबा वाळून गेले होते. मी ओट्यावर नकाशा अंथरला आणि या वेळी न सांगता भीमेच्या दिशेला फिरवला. त्यांनी चिंचोके काढले. बाभळवन. सोनारीचं टेक. चोपण. दोन आंब्यांचा ओढा. पाचवा चिंचोका बोटांत तसाच राहिला. ते माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "फुडचं तुमच्या मशीनीत हाय की, बाई. आमी म्हनायचं सोडलं. तितनं काढा."

मारुतीराव उठून पाण्याकडे गेले.

मी सांगितलं. "आबा, मशीनमधून गेलं. माझ्या हातून पुसलं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हातातला चिंचोका त्यांनी चंचीत टाकला. "तुमी हुता की तितं बसलेल्या," ते म्हणाले. "तुमी तरी ध्यानात ठिवायचं हुतं."

परतीच्या एस.टी.त मांडीवर गुंडाळलेला नकाशा होता आणि त्यावर पेन्सिलीचे चार ठिपके. बारामती मागे पडली तरी मी पाचवं नाव आठवत होते. ते मी ऐकलं होतं, हातभर अंतरावरून, आबांच्या तोंडून. पण तेव्हा माझं सगळं लक्ष मारुतीरावांची रेघ कुठं तुटते आहे तिकडे होतं.